ओळखचोरी

ओळखचोरी म्हणजे एखाद्या व्यक्तीचे नाव, छायाचित्र, स्वाक्षरी, अंगठ्याचा ठसा, आधार क्रमांक, पॅन, बँक खाते किंवा संकेतशब्द यांसारखी ओळख पटविणारी माहिती तिच्या संमतीविना वापरून पैसे, कर्ज, अनुदान, सिमकार्ड वा अन्य लाभ मिळविण्याचे कृत्य होय. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६क (इंग्रजी क्रमानुसार ६६ सी) अन्वये हा स्वतंत्र गुन्हा आहे. संगणकाचा उपयोग न करता केलेल्या ओळखचोरीला फसवणूक, तोतयेगिरी आणि बनावट दस्तऐवज यांविषयीची फौजदारी कलमे लागू होतात.

ओळखचोरी ही केवळ संगणक वापरणाऱ्या शहरी लोकांची समस्या आहे, असा समज प्रचलित आहे. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील अनुभव मात्र वेगळा आहे. परभणी जिल्ह्यात गंगाखेड येथे २०१७ मध्ये उघडकीस आलेल्या कर्ज प्रकरणात शेतकऱ्यांनी दिलेल्या कागदपत्रांचा वापर करून त्यांच्याच नावे परस्पर कर्जे उचलल्याचा आरोप झाला. अशा प्रकारात चोरीला जाते ती झेरॉक्स प्रत, सही किंवा अंगठा. आणि चोरी झाल्याचे कळते ते बँकेची नोटीस हाती पडल्यावर.

## संज्ञा आणि व्याप्ती

मराठीत दुसऱ्याचे सोंग घेऊन वावरणाऱ्यास ‘तोतया’ म्हणतात. भारतीय दंड संहितेच्या मराठी पाठात ‘तोतयेगिरी करून ठकवणूक’ अशी संज्ञा आढळते. तोतयेगिरी आणि ओळखचोरी यांचा संबंध निकटचा असला, तरी दोन्ही एकच नव्हेत. तोतया समोर उभा राहून आपण अमुक आहोत असे भासवितो. ओळखचोराला समोर येण्याची गरज नसते. खऱ्या व्यक्तीची माहिती आणि कागद त्याच्या हाती असले की पुरे. म्हणूनच एकाच वेळी शेकडो माणसांची ओळख वापरणे त्याला शक्य होते.

ओळखचोरी आणि साधी आर्थिक फसवणूक यांतही फरक आहे. साध्या फसवणुकीत पैसे गेले की नुकसान तेथे थांबते. ओळखचोरीत पीडित व्यक्तीच्या नावे कर्ज, थकबाकी, गुन्हा किंवा लाभाची नोंद निर्माण होते आणि ती नोंद पुढे अनेक वर्षे तिच्या मार्गात येत राहते. त्यामुळे पैसे परत मिळविणे हे निवारणाचे एक अंग ठरते. खोटी नोंद पुसून घेणे हे दुसरे आणि बहुधा अधिक कष्टाचे अंग असते.

## पार्श्वभूमी

महाराष्ट्राच्या इतिहासातील तोतयेगिरीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे सदाशिवरावभाऊंचा तोतया. १७६१ मध्ये पानिपतच्या रणांगणावर भाऊसाहेब पडले. परंतु त्यांच्या मृत्यूविषयी लोकांत संशय राहिला. त्याचा लाभ घेऊन एका इसमाने आपणच भाऊ असल्याचा दावा केला. १७७६ मध्ये त्याने कोकणात मोठे बंड उभारले. अखेर तो पकडला गेला आणि त्याच वर्षी त्याला पुण्यात देहदंड देण्यात आला. न. चिं. केळकर यांचे ‘तोतयाचे बंड’ हे नाटक याच प्रसंगावर आधारलेले आहे. त्या काळी ओळख पटविण्याचे साधन म्हणजे पाहिलेल्या माणसांची साक्ष हेच होते.

पुढे साक्षीची जागा कागदाने आणि नंतर क्रमांकाने घेतली. २००५ मध्ये पुण्यातील एका कॉल सेंटरमधील कर्मचाऱ्यांनी अमेरिकेतील सिटीबँकेच्या ग्राहकांचे गुप्त क्रमांक मिळवून सुमारे साडेतीन लाख डॉलर वळविल्याचे प्रकरण उघडकीस आले. संगणकाच्या साह्याने झालेल्या ओळखचोरीच्या भारतातील आरंभीच्या गाजलेल्या प्रकरणांत त्याची गणना होते. २००८ च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान अधिनियमात ओळखचोरीचे स्वतंत्र कलम घालण्यात आले व ते २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आले.

देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आला. त्यानंतर शिधापत्रिका, बँक खाते, शिष्यवृत्ती, पीकविमा, निवृत्तिवेतन आणि अनुदान या साऱ्यांना आधार जोडले गेले. लाभ थेट खात्यात जमा होऊ लागल्याने मधली गळती कमी करण्याचा मार्ग मिळाला. त्याचबरोबर एकाच क्रमांकाची आणि एकाच ठशाची किंमतही वाढली.

## प्रकार

### कागदपत्रांचा गैरवापर

सातबारा, आठ अ, आधार, पॅन, बँक पासबुक यांच्या प्रती आणि छायाचित्रे एका कामासाठी घेऊन दुसऱ्याच कामासाठी वापरली जातात. कोऱ्या अर्जावर किंवा कोऱ्या धनादेशावर घेतलेली सही हा याचाच भाग होय. ऊस नोंदणी, बचत गटाचे कर्ज, पीकविमा, शासकीय योजनेचा अर्ज, नोकरीचे आमिष अशा निमित्तांनी कागद गोळा केले जातात.

### अंगठ्याच्या ठशाचा गैरवापर

आधार संलग्न देयक प्रणालीत ग्राहक सेवा केंद्रावर किंवा बँक मित्राकडे आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर पैसे काढता येतात. भ्रमणध्वनीवर येणारा ओटीपी लागत नाही. निरक्षर आणि वृद्ध खातेदारांना ही सोय उपयुक्त आहे. तिचा गैरवापर दोन प्रकारे होतो. एकात कागदपत्रांवरील ठशाची नक्कल तयार केली जाते. दुसऱ्यात ‘ठसा जुळला नाही, पुन्हा लावा’ असे सांगून एकाऐवजी दोन व्यवहार केले जातात.

### सिमकार्डाशी संबंधित प्रकार

दुसऱ्याच्या कागदांवर नवे सिमकार्ड घेऊन ते गुन्ह्यासाठी वापरणे हा एक प्रकार. चालू क्रमांकाचे दुसरे सिमकार्ड मिळवून मूळ सिम बंद पाडणे आणि येणारे ओटीपी आपल्याकडे वळविणे हा दुसरा.

### माहिती काढून घेणे

बँकेतून, वीज कंपनीतून किंवा पोलीस ठाण्यातून बोलत असल्याचे सांगून ओटीपी विचारणे, बनावट संकेतस्थळाचा दुवा पाठविणे, विवाहपत्रिका किंवा शासकीय योजनेच्या नावाखाली भ्रमणध्वनीत घातक अनुप्रयोग उतरविण्यास लावणे हे प्रकार यात मोडतात. ‘डिजिटल अटक’ हा याचाच नवा अवतार होय. दूरचित्रसंवादावर अटक करण्याची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही.

### लाभाच्या योजनांतील ओळखचोरी

२०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत खारघर येथील एका महिलेचा अर्ज दाखल होईना, कारण तिच्या आधार क्रमांकावर आधीच अर्ज भरलेला होता. चौकशीत सातारा जिल्ह्यातील प्रकार उघडकीस आला. वेगवेगळ्या महिलांच्या आधार क्रमांकांवर सुमारे ३० अर्ज भरल्याच्या आरोपावरून तेथे कारवाई झाली. अशा प्रकरणांत पीडितेच्या खात्यातून एक पैसाही जात नाही. तिचा हक्काचा लाभ मात्र दुसऱ्याच्या पदरात पडतो.

## गंगाखेड कर्ज प्रकरण

परभणी जिल्ह्यात परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पालम आणि पूर्णा असे नऊ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १८,३६,०८६ होती. बहुसंख्य लोकांचा निर्वाह कापूस, सोयाबीन, ज्वारी आणि गोदावरीकाठच्या पट्ट्यात ऊस यांवर अवलंबून आहे. पेरणीच्या तोंडावर मिळणारे पीककर्ज हा येथील शेतीचा आधार आहे. त्यामुळे बँकेतील पत जाणे म्हणजे हंगाम हातचा जाण्यासारखे ठरते.

ऊस तोडणी आणि वाहतुकीसाठी बँका शेतकऱ्यांना व वाहतूकदारांना कर्ज देतात. या व्यवहारात साखर कारखाना मध्यस्थ वा हमीदार असतो. शेतकऱ्यांची कागदपत्रे ऊस नोंदणीच्या निमित्ताने कारखान्याकडे आलेली असतात. कर्जाचे प्रस्ताव एकगठ्ठा बँकेकडे जातात. प्रत्येक कर्जदाराला शाखेत बोलावून त्याची सही, छायाचित्र आणि मागणी पडताळून पाहणे ही बँकेची जबाबदारी असते. ही पडताळणी ढिली पडली, तर कर्जदाराच्या नकळत कर्ज मंजूर होण्यास वाट मिळते.

गंगाखेड शुगर अँड एनर्जी या खासगी कारखान्याबाबत असा आरोप झाला, की शेतकऱ्यांच्या कागदपत्रांचा वापर करून काही राष्ट्रीयीकृत व खासगी बँकांकडून त्यांच्या नावे कर्जे उचलण्यात आली आणि ती रक्कम कारखान्याकडे वळविण्यात आली. वृत्तांनुसार या कर्जांची एकूण रक्कम सुमारे ३२८ कोटी रुपये होती. ज्यांनी कर्ज मागितलेच नव्हते अशा शेतकऱ्यांना बँकांच्या वसुलीच्या नोटिसा आल्या, तेव्हा प्रकाराला वाचा फुटली. जुलै २०१७ मध्ये गंगाखेड पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदविण्यात आला आणि पुढील तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाने केला. कारखान्याचे प्रमुख रत्नाकर गुट्टे यांना मार्च २०१९ मध्ये अटक झाली. ऑक्टोबर २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत ते कारागृहात असतानाच राष्ट्रीय समाज पक्षाच्या वतीने गंगाखेड मतदारसंघातून निवडून आले. डिसेंबर २०२० मध्ये सक्तवसुली संचालनालयाने या प्रकरणी सुमारे २५५ कोटी रुपयांच्या मालमत्तेवर तात्पुरती टाच आणली. गुन्हा नोंदविणे, अटक किंवा टाच यांपैकी कशानेही दोष सिद्ध होत नाही. तो ठरविण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे.

प्रकरणाचा फौजदारी निर्णय काहीही होवो, ओळखचोरीच्या अभ्यासात त्याचे महत्त्व तीन कारणांनी आहे. पहिले, यात कोणाचाही संकेतशब्द फोडलेला नव्हता. आरोप होता तो विश्वासाने दिलेल्या कागदांच्या वापराचा. दुसरे, एकट्या शेतकऱ्याला आपली चूक नसल्याचे बँकेला पटविणे अवघड असते; अनेकांच्या नोटिसा एकत्र आल्यावरच प्रकाराचे स्वरूप स्पष्ट झाले. तिसरे, शेतकऱ्याच्या हाती एक रुपया आला नसला, तरी कर्ज थकल्याची नोंद त्याच्या नावे राहते आणि नव्या कर्जाच्या वेळी तीच आडवी येते.

## ओळखचोरी झाल्याची लक्षणे

* न घेतलेल्या कर्जाची नोटीस, हप्त्याचा संदेश किंवा वसुली कर्मचाऱ्याचा दूरध्वनी येणे.
* ‘तुमच्या नावे आधीच कर्ज आहे’ या कारणाने पीककर्ज नाकारले जाणे.
* सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात अनोळखी बँकेचा वा पतसंस्थेचा बोजा दिसणे.
* भ्रमणध्वनीचे नेटवर्क अकस्मात जाणे आणि बराच वेळ परत न येणे.
* न मागितलेले ओटीपी वारंवार येणे.
* शासकीय योजनेचा अर्ज ‘आधीच नोंदविलेला’ असल्याचे दिसणे, किंवा अनुदान अनोळखी खात्यात जमा झाल्याचे कळणे.
* आपल्या शेतावर दुसऱ्याच कोणाच्या नावे पीकविमा उतरविलेला आढळणे.

यांपैकी एक लक्षण दिसले म्हणजे ओळखचोरी झालीच असे नव्हे. नावसाधर्म्यामुळे किंवा लिपिकाच्या चुकीमुळेही अशी नोंद होऊ शकते. तरीही दोन्ही प्रसंगी लेखी तक्रार आवश्यक असते.

## ओळखचोरीनंतरची कार्यवाही

### तातडीचे उपाय

खात्यातून पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे लागते. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असते. ती काढून घेतली जाण्यापूर्वी कळविल्यास संबंधित खाते गोठविता येते. म्हणून पहिल्या काही तासांना विशेष महत्त्व आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावरही तक्रार नोंदविता येते. तक्रारीचा क्रमांक टिपून ठेवणे पुढील प्रत्येक टप्प्यावर उपयोगी पडते. त्याच वेळी बँकेला कळवून खाते, कार्ड आणि यूपीआय सेवा बंद करून घ्यावी लागते.

### पोलिसांत तक्रार

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते; गुन्हा कोणत्या हद्दीत घडला हा प्रश्न नंतरचा असतो. माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिल्यास तीन दिवसांच्या आत तिच्यावर सही करावी लागते. प्रथम खबरी अहवालाची प्रत विनामूल्य मिळण्याचा हक्क तक्रारदारास आहे. ठाणे अंमलदाराने नोंद घेण्यास नकार दिल्यास जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करता येतो आणि तेथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्याकडे जाता येते. अहवालाची प्रत हाती असणे महत्त्वाचे असते. कारण बँक, पतमाहिती कंपनी आणि महसूल कार्यालय तिन्ही ठिकाणी तीच प्रथम मागितली जाते.

### बँकेशी पत्रव्यवहार

भारतीय रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांतील ग्राहकाचे दायित्व निश्चित केले आहे. बँक किंवा ग्राहक यांपैकी कोणाचीही चूक नसताना पैसे गेले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर त्याचे दायित्व शून्य असते. चार ते सात दिवसांत कळविल्यास ते मर्यादित असते. त्यानंतर बँकेच्या धोरणानुसार निर्णय होतो. ग्राहकाने स्वतः ओटीपी वा गुप्त क्रमांक दिला असल्यास कळविण्यापूर्वीचे नुकसान त्यालाच सोसावे लागते. कळविल्यानंतरचे नुकसान बँकेचे असते. दायित्व ग्राहकाचे आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. सहकारी बँकांसाठी अशाच स्वरूपाचे परिपत्रक डिसेंबर २०१७ मध्ये निघाले.

कागदपत्रांच्या आधारे उचललेल्या बोगस कर्जाला हे परिपत्रक लागू होत नाही. तेथे ‘हे कर्ज मी घेतलेले नाही’ असे शाखा व्यवस्थापकास लेखी कळवून पुढील कागदांच्या प्रती मागाव्या लागतात: कर्ज अर्ज, करारपत्र, ओळख पडताळणीचे कागद, छायाचित्र, जामीनदारांची नावे आणि कर्जाची रक्कम ज्या खात्यात जमा झाली त्याचा उतारा. शेवटचा कागद सर्वांत बोलका असतो. पैसा कोणाकडे गेला हे त्यावरूनच दिसते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, शिक्का आणि सहीसह पोच घेणे आवश्यक असते. प्रकरण मिटविण्यासाठी एखादा हप्ता भरणे किंवा तडजोडीच्या कागदावर सही करणे धोक्याचे ठरते. कर्ज मान्य असल्याचा पुरावा म्हणून त्याचा पुढे उपयोग होऊ शकतो.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा तक्रार फेटाळली, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली विनामूल्य दाद मागता येते. ही योजना १२ नोव्हेंबर २०२१ रोजी सुरू झाली. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

### पतमाहिती अहवालाची दुरुस्ती

भारतात ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या कर्जदारांची पतमाहिती ठेवतात. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळविण्याचा हक्क नागरिकास आहे. चारही अहवाल पाहणे हिताचे असते, कारण खोटे कर्ज चारही ठिकाणी नोंदलेले असेलच असे नाही. अहवालातील नोंदीवर हरकत घेतल्यास तीस दिवसांत निपटारा व्हावा लागतो. विलंब झाल्यास दरदिवशी १०० रुपये भरपाई देण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ पासून लागू केली.

### सातबाऱ्यावरील बोजा

शेतजमीन तारण ठेवून कर्ज घेतल्यास त्याचा बोजा सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात चढतो. बोगस कर्जाचा बोजा जमिनीवर चढल्यास ती विकणे, वाटणी करणे किंवा नवे कर्ज घेणे अडते. महाभूलेख संकेतस्थळावर सातबारा पाहता येतो. अनोळखी बोजा दिसल्यास संबंधित फेरफार क्रमांकाची नक्कल काढून तलाठी (ग्राम महसूल अधिकारी) आणि मंडळ अधिकारी यांच्याकडे हरकत नोंदवावी लागते. फेरफार प्रमाणित झालेला असल्यास उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते. बँकेने कर्ज खोटे असल्याचे मान्य केले, तरी बोजा आपोआप उतरत नाही. त्यासाठी बँकेचे पत्र महसूल कार्यालयात स्वतंत्रपणे सादर करावे लागते.

### आधार आणि सिमकार्ड

आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मागील सहा महिन्यांत आधारचा कोठे वापर झाला याचा तपशील दिसतो. बोटांचे ठसे व डोळ्यांची बुबुळे यांचा वापर तेथूनच कुलूपबंद करता येतो. प्राधिकरणाचा मदत क्रमांक १९४७ आहे. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर आपल्या नावे किती भ्रमणध्वनी जोडण्या आहेत ते कळते आणि अनोळखी जोडणी बंद करण्याची मागणी तेथे नोंदविता येते.

### कायदेविषयक साहाय्य

महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अल्प उत्पन्न गट यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळू शकतो. प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते. मदत क्रमांक १५१०० आहे. बँकेच्या सेवेतील त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडेही जाता येते.

## कायदेशीर तरतुदी

* माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००: कलम ६६क (६६ सी) अन्वये दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी, संकेतशब्द वा अन्य ओळखचिन्ह अप्रामाणिकपणे वापरल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होतो. पुढील कलमात (६६ डी) संगणकीय साधनाद्वारे तोतयेगिरी करून फसवणूक केल्यास एवढीच शिक्षा आहे.
* भारतीय न्याय संहिता, २०२३: १ जुलै २०२४ पासून लागू. कलम ३१८ फसवणुकीविषयी, ३१९ तोतयेगिरीविषयी आणि ३३६ बनावट दस्तऐवजाविषयी आहे. त्यापूर्वीच्या घटनांना भारतीय दंड संहितेची ४१९, ४२०, ४६८, ४७१ ही कलमे लागू होतात.
* आधार अधिनियम, २०१६: आरंभी या कायद्याखालील गुन्ह्याची तक्रार फक्त प्राधिकरणच न्यायालयात करू शकत असे. २०१९ च्या दुरुस्तीने काही गुन्ह्यांबाबत आधारधारकालाही तो अधिकार मिळाला.
* डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३: नागरिकांची माहिती बाळगणाऱ्या संस्थांवर संमती, सुरक्षा आणि माहिती फुटल्यास कळविणे ही बंधने घालणारा कायदा. सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात न्यायालयाने आधार योजना वैध ठरविली. मात्र खासगी कंपन्यांना आधार मागण्याची मुभा देणारी तरतूद रद्द केली.

## प्रतिबंध

### कागदपत्रांबाबत

* झेरॉक्स प्रतीवर ज्या कामासाठी ती दिली ते काम, संस्थेचे नाव आणि तारीख आडवी लिहून त्यावर सही करावी. लिखाण छायाचित्रावर व मजकुरावर अंशतः यावे, म्हणजे प्रतीचा पुनर्वापर कठीण होतो.
* कोऱ्या अर्जावर, कोऱ्या मुद्रांकावर वा कोऱ्या धनादेशावर सही किंवा अंगठा देऊ नये. मुकादम, दलाल अथवा गटप्रमुख ओळखीचा असला, तरी हा नियम बदलत नाही.
* कोणाला कोणते कागद, कधी व कशासाठी दिले याची नोंद एका वहीत ठेवावी. वाद उद्भवल्यास ही वही उपयुक्त पुरावा ठरते.
* झेरॉक्स दुकानात बिघडलेली प्रत मागे सोडू नये. भ्रमणध्वनीवरून कागद पाठविले असल्यास काम झाल्यावर ते दुकानदाराच्या यंत्रातून काढून टाकण्यास सांगावे.

### आधार आणि ठशाबाबत

* शक्य तेथे शेवटचे चारच अंक दाखविणारे ‘मास्क्ड आधार’ किंवा सोळा अंकी आभासी क्रमांक द्यावा.
* ठसे एरवी कुलूपबंद ठेवावेत आणि पैसे काढण्यापुरते उघडावेत.
* यंत्रावर बोट ठेवण्यापूर्वी पडद्यावरील रक्कम स्वतः वाचावी किंवा विश्वासू व्यक्तीकडून वाचून घ्यावी. व्यवहार फसला असे सांगितल्यास त्याची पावती घेतल्याविना दुसऱ्यांदा बोट ठेवू नये.

### बँक आणि भ्रमणध्वनीबाबत

* खात्याशी घरातील चालू क्रमांक जोडलेला असावा. बंद पडलेला क्रमांक काही काळाने दुसऱ्यास दिला जातो आणि बँकेचे संदेश त्याच्याकडे जाऊ लागतात.
* पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही.
* बँकेचा क्रमांक शोधयंत्रावर न शोधता पासबुकावरून वा कार्डाच्या मागून घ्यावा.

### वृद्ध, विद्यार्थी आणि मृत व्यक्ती

वृद्धांचे व्यवहार बहुधा दुसऱ्याच्या हाताने होतात. पासबुकात दरमहा नोंदी करून घेणे हा त्यांच्यासाठी सर्वांत सोपा पहारा आहे. विद्यार्थ्यांना ‘खाते भाड्याने द्या’ असे आमिष दाखविले जाते. आपले खाते अथवा सिमकार्ड दुसऱ्यास वापरावयास देणारा स्वतःच गुन्ह्यात गोवला जाऊ शकतो. कुटुंबातील व्यक्तीच्या निधनानंतर बँक, शिधापत्रिका कार्यालय आणि भ्रमणध्वनी कंपनीस कळवावे लागते. आधार प्राधिकरणाने मृत्यूची माहिती देण्याची ऑनलाइन सोय २०२५ मध्ये सुरू केली.

## मर्यादा आणि चर्चा

मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने आधारची झेरॉक्स सर्रास देऊ नये, असे प्रसिद्धिपत्रक काढले. दोनच दिवसांत गैरसमज टाळण्याचे कारण देऊन ते मागे घेण्यात आले. या प्रसंगाने एक विसंगती समोर आली: नागरिकाने सावध राहावे असे सांगितले जाते, पण प्रत दिल्याविना त्याचे काम होत नाही.

ग्रामीण भागात या विसंगतीचा भार अधिक जाणवतो. ऑनलाइन अर्ज बहुतेकांना ‘आपले सरकार’ सेवा केंद्रातूनच भरावा लागतो. म्हणजे आधार, बँक तपशील आणि ओटीपी तिसऱ्या व्यक्तीच्या हाती जातोच. पीकविम्यात दुसऱ्याच्या किंवा शासकीय जमिनीवर अर्ज भरल्याच्या तक्रारी २०२३ नंतर राज्यात वाढल्या. १५ एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक अनिवार्य करण्यात आला. जमिनीची नोंद आणि व्यक्तीची ओळख यांची सांगड घातल्याने बोगस अर्जांना आळा बसावा ही अपेक्षा आहे. मात्र एकाच क्रमांकात अधिक माहिती एकवटल्याने त्याच्या सुरक्षेची जबाबदारीही वाढली आहे.

व्यक्तीने कितीही दक्षता घेतली, तरी कर्ज देणाऱ्या संस्थेने कर्जदार प्रत्यक्ष पाहिल्याविना कर्ज देऊ नये, हा नियम पाळला जाणे हेच ओळखचोरीवरील प्रमुख नियंत्रण आहे. ती पडताळणी न झाल्यास आपण कर्ज घेतले नाही हे सिद्ध करण्याचे काम, कागद नसलेल्या माणसावर येऊन पडते.

## हेही पाहा

* आधार (भारत)
* माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००
* परभणी जिल्हा
* भारतीय रिझर्व्ह बँक
* सदाशिवरावभाऊंचा तोतया